ओसाकात एक मोकळा दिवस : तुमचा कसा गेला?

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे ओसाकात होतो. मोकळा म्हणावा असा रविवार एकच मिळाला, बाकीचे दोन क्लायंटने खाल्ले. इथले बरेच जण कामानिमित्त किंवा मुलांकडे तिकडे जाऊन आलेत, म्हणून हा धागा. किल्ला आणि मत्स्यालय सगळ्यांनाच ठाऊक आहे, ते नको. बाजारात काय घेतलंत, कुठे फसलात, ते लिहा. सुरुवात मीच करतो.

सकाळी साडेआठला उत्साहाने शिनसाइबाशीच्या झाकलेल्या बाजारपेठेत पोचलो, तर दोन्ही बाजूंना नुसती बंद शटरं. तिथली बरीचशी दुकानं अकराच्या सुमाराला उघडतात. मग चालत चालत दोतोनबोरीचा कालवा ओलांडून सेन्निचिमाएकडे गेलो आणि दोगुयासुजी नावाची गल्ली सापडली. हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांची गल्ली! कागदी कंदील, दारावरचे पडदे, शोकेसमध्ये मांडायचे प्लास्टिकचे खोटे पदार्थ. आणि एका दुकानाबाहेर चक्क आप्पेपात्रांची चळत. तकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचे गोळे करायची ती भांडी, पण मला तर आईचा ओटाच दिसला. ओतीव लोखंडाचं एक उचललं. नंतर दिवसभर ते पाठीवर घेऊन फिरलो, तेव्हा वजन कळलं.

*

तुमच्या त्याच गल्लीत मी सुरी घेतली. ओसाकाशेजारचं साकाई हे सुऱ्यांचं जुनं गाव, त्यामुळे तिथल्या दुकानांत पाती बघत तासभर कसा जातो कळत नाही. माझ्या दुकानात विकत घेतलेल्या सुरीवर नाव कोरून देत होते. आजोबांनी फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, काय कोरू? घरच्या ओट्यावरच राहणार, म्हणून म्हटलं, कोल्हापूर. त्यांनी कागदावर त्यांच्या लिपीत लिहिलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं, "को-रु-हा-पु-रु." त्यांच्याकडे ल आणि र वेगळे नाहीत. मी मान डोलावली. मग बोटाएवढी छिन्नी आणि इवलीशी हातोडी घेऊन बसले. टक टक, पातं जरासं फिरवायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा टक टक. पाच मिनिटांत काम झालं.

(हातसामानात ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेतच घाला.) आई आधी "विळीची सर नाही" म्हणाली. आता कोथिंबीरसुद्धा त्या सुरीनंच चिरते, आणि आम्हाला हात लावू देत नाही.

*

कोरुहापुरु वाचून चहा सांडला!

माझी गोष्ट रडकी आहे. निप्पोनबाशीच्या देनदेन टाउनमध्ये, म्हणजे विजेच्या वस्तूंच्या तिथल्या लॅमिंग्टन रोडवर, भात शिजवायचा सुंदर कुकर मिळाला. पिन बसेना म्हणून अडॅप्टरही घेतला. ठाण्याला आल्यावर मोठ्या थाटात आंबेमोहोर धुऊन लावला. फट! वास आला, भात नाही. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. अडॅप्टर पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे इंजिनिअर असून मला तेव्हा सुचलं नाही. घ्यायचाच तर परदेशी पाहुण्यांसाठीचं २२० व्होल्टचं मॉडेल वेगळं मागा.

*

आमच्याकडे सासूबाईंनी मला हरवलं. २०२३ मध्ये त्या आमच्याकडे ओसाकाला आल्या होत्या. मी तिथे नोकरीवर, त्यामुळे १० टक्के विक्रीकर मुकाट भरते. पर्यटकांना मात्र तेव्हा एका दुकानात पाच हजार येनच्या वर खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून तो माफ व्हायचा. एवढं कळल्यावर सासूबाई प्रत्येक दुकानात आधी पर्स उघडून पासपोर्ट काउंटरवर ठेवायच्या, वस्तू नंतर बघायच्या. संध्याकाळी उमेदा भागातल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खाऊबाजारात 'हानगाकु', म्हणजे अर्ध्या किमतीची चिठ्ठी, त्यांनी चित्रासारखी पाठ केली. चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या मुलीच्या मागे मागे ट्रॉली! मी लाजेनं लांब उभी, पण जेवण स्वस्तात झालं हे खरं.

*

उमेदाचं नाव काढलंत म्हणून. मित्राला म्हटलं, "उमेदा स्टेशनवर भेटू." तिथे उमेदा, निशी-उमेदा, हिगाशी-उमेदा, दोन खासगी रेल्वेंची ओसाका-उमेदा आणि वर जेआर रेल्वेचं ओसाका, सगळी एकमेकांना जमिनीखालून जोडलेली. दादरला पश्चिम की मध्य एवढंच विचारावं लागतं हो. पाऊण तास आम्ही दोघं "मी बेकरीसमोर आहे" असं एकमेकांना सांगत होतो. बेकऱ्या अगणित.

आणि सरकत्या जिन्यावर तिथे उजवीकडे उभं राहतात, तोक्योत डावीकडे. मी तोक्योहून गेलेला, त्यामुळे मागून बरेच हलके खाकरे ऐकले.

*

पावसात अडकलात तर तेन्जिनबाशीसुजीला जा. अडीच किलोमीटरच्या वर लांब बाजार, जवळजवळ पूर्ण छताखाली. पर्यटक कमी, चपला, चहा, जुनी पुस्तकं, शेजारणींच्या गप्पा. शाकाहारी मंडळींनी एवढंच लक्षात ठेवा की साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. मी दिवस रताळ्यावर काढला.

धागाकर्ते, त्या पात्रात आप्पे सुटतात का, ते सांगा आधी.

*

पहिले दोन घाणे खरवडून काढले. आईनं मग पात्र तापवून, तेल लावून, कांद्यानं घासून दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्याला सुटले. खळगे आपल्यापेक्षा खोल आहेत, त्यामुळे मधे कच्चे राहतात. पीठ निम्म्यापर्यंतच घालावं लागतं.