वेगवान खेळाने आक्रमण सुधारतं, की नुसते गुण वाढतात?

झोनब्रेकर
बास्केटबॉलचे ४० मिनिटांचे दोन सामने, संघ तोच. संथ सामन्यात ५८ शॉट, १६ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट), ९ ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट परत पकडणं), १२ टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं), ७० गुण. ठरवून वेगात खेळलेल्या सामन्यात ६८ शॉट, १८ फ्री थ्रो, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १६ टर्नओव्हर, ८० गुण. प्रशिक्षक खूश आहेत. हे आक्रमण खरंच सुधारलं म्हणायचं का?

स्कोअरशीट
नाही. आधी पझेशन (चेंडू आपल्याकडे आल्यापासून समोरच्याकडे जाईपर्यंतची एक पाळी) मोजा: शॉट + ०.४४ × फ्री थ्रो − ऑफेन्सिव्ह रिबाउंड + टर्नओव्हर. (०.४४ अशासाठी की प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही. हा गुणक एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या आकड्यांवरून आलाय, खालच्या पातळीवर थोडा हलतो.)

संथ सामना: ५८ + ७ − ९ + १२ = ६८ पझेशन, म्हणजे १०० पझेशनमागे साधारण १०३ गुण. वेगवान सामना: ६८ + ७.९ − १० + १६ = जवळपास ८२, म्हणजे १०० मागे ९७ ते ९८. दहा गुण वाढले, पण आक्रमण घसरलं. टर्नओव्हरही पझेशनच्या १७.६ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर गेले. दोनच सामने आहेत, तेव्हा यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नका. पण ‘८० झाले’ हा पुरावा नाही, एवढं नक्की.

वेग वाढला की पझेशन समोरच्यालाही तेवढीच मिळतात, हे लोक विसरतात. १९९०-९१ चा डेन्व्हर नगेट्स बघा. पॉल वेस्टहेड प्रशिक्षक, सामन्यामागे ११९.९ गुण, लीगमध्ये सर्वाधिक. खाल्ले १३०.८. जिंकले २०, हरले ६२.

ट्रेलर_पाच
पण २००४-०५ चा फिनिक्स सन्सही बघा ना. माइक डॅन्टोनी, स्टीव्ह नॅश, लीगमधला सर्वांत वेगवान संघ, १०० पझेशनमागच्या गुणांतही पहिला, ६२ विजय. वेगाला सरसकट दोष देऊ नका.

स्कोअरशीट
वेगाला दोष देतच नाहीये. पझेशन कुठून सुरू झालं ते वेगळं काढा, एवढंच म्हणतोय. शॉट क्लॉकच्या (शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं उलट मोजणारं घड्याळ) पहिल्या सात-आठ सेकंदांतले शॉट चांगले दिसतात, कारण त्यांतले बरेच स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू) आणि लांब रिबाउंडनंतरचे असतात. तेव्हा बचाव मुळातच विस्कटलेला असतो. बास्केट खाल्ल्यानंतर पाचही बचावपटू मागे पोहोचलेले असताना तसाच घाईचा शॉट घेतला तर तो भाव मिळत नाही. उलटही खरं: शेवटच्या चार सेकंदांतले शॉट वाईट दिसतात, कारण ज्या पझेशनमध्ये आधी काहीच जमलं नाही तीच तिथवर पोहोचतात. त्याचं खापर संथपणावर फोडू नये.

ट्रेलर_पाच
हे मान्य. मग मैदानावर काय करायचं ते सांगतो. रिबाउंड पकडला की आउटलेट पास (हल्ला सुरू करणारा पहिला पास) त्याच बाजूच्या साइडलाइनकडे, फ्री थ्रो रेषेच्या उंचीवर. दोन्ही विंगनी (कडेने धावणारे खेळाडू) थेट कोपरा गाठायचा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच: विंग मधे वळतात, आपला बचावपटू सोबत आणतात आणि पॉइंट गार्डची (चेंडू पुढे नेणारा खेळाडू) वाट बुजते. पहिल्या उंच खेळाडूने रिमकडे (बास्केटचं कडं) पळायचं, दुसऱ्याने ट्रेलर म्हणून, म्हणजे मागून येऊन, वर थांबायचं.

हाफ कोर्ट ओलांडायला नियमाने ८ सेकंद मिळतात, तुम्ही ४ धरा. क्लॉकवर २० असताना चेंडू पुढे हवा. १६ पर्यंत फायदा दिसला नाही, म्हणजे एकही बचावपटू चुकीच्या माणसावर नाही किंवा मागे पडलेला नाही, तर शॉट बंद. पण चेंडू बाहेर काढून हात वर करून नवा सेट बोलवायचा नाही, तेवढ्यात बचाव श्वास घेतो. ट्रेलरने लगेच स्क्रीन लावायचा (बचावपटूची वाट अंगाने अडवायची) आणि तिथूनच पिक अँड रोल (अडवून लगेच बास्केटकडे वळायचं) सुरू.

गार्डने पळत ड्रिबल करण्यापेक्षा पुढे पास टाकावा. चेंडू माणसापेक्षा नेहमीच वेगवान! आणि पाच-सहा मिनिटांवर बदली हवी. पाय थकले की आधी विंग धावायचे थांबतात, टर्नओव्हर मग वाढतात.

झोनब्रेकर
आणि समोरचा संघ उघडच बलवान असेल तर?

स्कोअरशीट
तर पझेशन कमी करा. ८२ पेक्षा ६५ पझेशनमध्ये नशिबाला जास्त वाव असतो, चार तिगड्या (तीन गुणांचे शॉट) इकडच्या तिकडे झाल्या तरी निकाल फिरतो. स्टीलनंतरचा मोकळा लेअप मात्र तरीही सोडायचा नाही. आता पुढच्या सामन्यात कुणाला तरी बाकावर बसवून प्रत्येक पझेशनचे तीन रकाने भरून घ्या: सुरुवात कशाने (स्टील, रिबाउंड, खाल्लेली बास्केट), शॉटवेळी क्लॉकवर किती, गुण किती. पाच-सहा सामन्यांचे आकडे जमले की इथे टाका, खाल्लेल्या बास्केटनंतरची ओळ आधी बघू.