अनुभव धागा : सिनेमा तुमच्याशी रडीचा डाव खेळलाय का?

कोपऱ्यातली खुर्ची
इथे रहस्यं फुटणार, आधीच सांगते.
फसायला मला आवडतं, तिकीट त्यासाठीच काढते. पण परवा 'कहानी' (२०१२) तिसऱ्यांदा पाहिला आणि जुनी खदखद वर आली. नायिका विद्याचा नवरा म्हणून जो चेहरा दाखवतात तो नवऱ्याचा नाहीच. ती ज्याला मारायला आलीय त्याचा आहे. तिचं गरोदरपणाचं खोटं पोट मला चाललं. तिने सगळ्यांना फसवलं, मीही फसले, फिट्टंफाट. पण तो चेहरा माझ्या डोळ्यांत दिग्दर्शकाने घातला. तुमचं असं काही? लिहा.

भरतीओहोटी
छे! ती पोलिसांना जी गोष्ट सांगते, तिचंच ते चित्र. आपण ऐकणाऱ्यांच्या बाकावर बसलोय. मला राग नाही आला. नवऱ्याला आला, पण त्याला क्रिकेट हरल्यावरही येतो.

शिवणाची पेटी
आमच्या घरी हा वाद फार जुना. आई 'पाठलाग'ची (१९६४) भक्त. राजा परांजप्यांच्या त्या सिनेमावरून राज खोसलांनी साधनाला घेऊन 'मेरा साया' (१९६६) केला. बायको वारली, चिता जळली, आणि दरोडेखोरांतली म्हणून पकडलेली बाई कोर्टात म्हणते, मीच याची बायको! शेवटी जुळी बहीण निघते. पण हुबेहूब दिसणाऱ्या दोघी असणार हा संशय आपल्याला कोर्टातच येतो. ही त्यातली कोण, एवढंच कोडं.
आता गंमत. याच खोसलांनी याच साधनाला घेऊन 'वह कौन थी' केला, तोही १९६४ सालीच. पाऊस, पांढरी साडी, भूत की भास यात अख्खा सिनेमा काढला आणि शेवटी पोतडीतून जुळी बहीण! आई पदर झटकून उठली होती म्हणे. "बहीण होती तर एकदा हळदीकुंकवाला तरी आणायची!" रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात शेवटचा हाच : वाचकाची तयारी केल्याशिवाय जुळी आणायची नाहीत. आईने नॉक्सचं नावही ऐकलं नव्हतं.

रिळातली धूळ
कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत हिचकॉकचा 'स्टेज फ्राइट' (१९५०) पाहिला. सुरुवातीला एक तरुण घडलेलं सांगतो, पडद्यावर ते दिसतं. शेवटी कळतं, ते घडलंच नाही, खुनी तोच. दिवे लागले तर शेजारचा मित्र चपला शोधत पुटपुटत होता, "माणूस खोटं बोलेल रे, कॅमेरा कसा बोलतो?" हिचकॉकनेही पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोजवळ ती चूक कबूल केली. 'सायको'त (१९६०) मात्र मोटेलवाल्या नॉर्मनच्या आईचा चेहरा लपवायला कॅमेरा जिन्यावर छतापाशी नेलाय. लपवलं, खोटं दाखवलं नाही. म्हणून तिथे मी आनंदाने हरलो.

उसाचा रस
'गुप्त'मध्ये (१९९७) खुनी कोण हे मला सिनेमाने नाही, फिल्मफेअरने सांगितलं. काजोलला खलभूमिकेचं पारितोषिक दिलं ना! ही फसवणूक कुठल्या खात्यात धरायची?

मांडवीकाठ
गोव्याचा आहे, म्हणून 'दृश्यम' (२०१५). दिग्दर्शक निशिकांत कामतने नायक प्रेत हलवताना दाखवलाच नाही. खड्डा उकरला, जनावराचा सांगाडा निघाला, आम्ही पोलिसांइतकेच तोंडात मारल्यासारखे. शेवटी नवं पोलीस ठाणं दिसलं, प्रेत त्याच्याखाली आहे हे कळलं, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या. हे कुटुंब २ ऑक्टोबरला पणजीत होतं, पावभाजी खाल्ली, ही खोटी साक्ष पणजीच्या लोकांनी दिली, पडद्याने नाही. २ ऑक्टोबर आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर अजून कुणीतरी पावभाजीचा फोटो टाकतंच.