मदत हवी आहे: चिऱ्याच्या घरात टीव्हीपर्यंत नेट कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ गावी आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. फायबरची वायर पडवीत येते, राउटर तिथेच. टीव्ही माजघरात, मध्ये दोन जाड भिंती. राउटरशेजारी मोबाइलवर १०० एमबीपीएसचा पुरा वेग मिळतो. टीव्हीवर मात्र ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही, आणि २.४ वर कीर्तन रंगात आलं की नेमकं चक्र फिरायला लागतं. आईचा फार विरस होतो. फोर-केसाठी साधारण २५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे प्लॅन वाढवून उपयोग नाही.

माझा कल राउटरपासून कॅट-६ (नेटची केबल) वायर माळ्यावरून नेऊन थेट टीव्हीच्या लॅन पोर्टला जोडण्याकडे आहे. बऱ्याच टीव्हींचं हे पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण तेवढं भरपूर झालं. धास्ती आहे ती उंदरांची आणि विजांची. वायर पाइपातून नेली तर पुरे का? की मेश (घरभर वाय-फाय पोचवायला एकमेकांशी जोडलेले दोन-तीन डबे) बसवावं? पण त्याचा दुसरा डबाही त्याच भिंतींतून सिग्नल घेणार ना?

चिऱ्याच्या घरात कुणी हे काम केलं असेल तर वायर कुठून फिरवली, ते कृपया सविस्तर सांगा. गणपतीच्या आधी उरकायचं आहे.