न बोललेले दुःख ओळखताना : तुमचे अनुभव

काही माणसे दुःख बोलून दाखवत नाहीत. रोजच्यासारखी कामाला जातात आणि विचारले तर 'मजेत' म्हणतात. तरीही ते एखाद्याच्या लक्षात येते. कशावरून लक्षात आले आणि पुढे नेमके काय केले, हे येथे लिहावे, अशी विनंती आहे. आधार द्यावा हे सर्वांनाच ठाऊक असते; तो कसा द्यावा हे ऐनवेळी सुचत नाही, म्हणून सल्ल्यांपेक्षा घडलेले प्रसंग हवे आहेत. ज्यांच्याविषयी लिहाल, त्यांची ओळख पटेल असा तपशील कृपया टाळावा.

खानावळचालक, सदाशिव पेठ

आमच्याकडे जेवणारी बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. निकाल लागला की यादीत नाव नसलेली मुले चिडतात, घरी फोन करून रडतात. त्यांची मला तितकी काळजी वाटत नाही. एक मुलगा मात्र निकालानंतर फारच शांत आणि नम्र झाला. नेहमीच्या घोळक्याबरोबर न येता खानावळ बंद होता होता येई, पोळी दुमडून ताटाच्या कडेला ठेवी आणि आमटी-भात चिवडून उठे. मग त्याने न मागता सगळी बाकी चुकती केली आणि आपली पुस्तकेही मित्रांना वाटून टाकली, असे कानावर आले. गावी परत निघालास का, असे विचारले तर त्याला उत्तर देता येईना.

माझी भाची समुपदेशक आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आडून विचारू नकोस. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचार. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते." मुले पांगल्यावर त्याला थांबवून घेतले आणि तसेच विचारले. बऱ्याच वेळाने तो 'हो' म्हणाला. त्या रात्री त्याला एकटे सोडले नाही, माझ्या मुलाच्या खोलीत झोपवले. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि विनामूल्य असतो, मराठीतही बोलता येते. त्यावर तो माझ्यासमोर बोलला. दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे मीही गेले, कारण 'पोरगा अभ्यासाने थकलाय' एवढेच ते सांगणार, हे मला दिसत होते.

वकील, नारायण पेठ

वरील अनुभवाला एक जोड देतो. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लोक अशा गोष्टी दडवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही. हे घराघरांत पोहोचायला हवे.

निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर

पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज पहाटे चढणारा आमचा गट आहे. त्यातील एका गृहस्थांच्या पत्नी वारल्या. तेरा दिवस घरी माणसांची रीघ होती, नंतर जो तो आपल्या कामाला लागला. ते पुन्हा फिरायला येऊ लागले, पूर्वीपेक्षा अधिक विनोद सांगू लागले, आणि 'सावरले बुवा' असा सर्वांनी निर्वाळा दिला. मग ते मला मंडईत दिसले. अर्धा किलो गवार पिशवीत घेतल्यावर त्यांनी भाजीवालीला 'यातली अर्धी काढून घे' म्हटले आणि तिच्याकडे न पाहता पैसे दिले.

मी त्यांना इतकेच म्हटले, "रविवारी मंडईत सोबत हवी असते, याल का?" आता आम्ही दोघे भाजी आणतो. वहिनींचा विषय काढायचा नाही, असे गटात न बोलता ठरून गेले होते. मी तो मुद्दाम काढतो. वहिनी दाण्याचे कूट घालून गवार कशी करत, हे त्यांनी एकदा बारकाईने सांगितले आणि सांगता सांगता रडले. ते रडणे थांबवण्याची मला गरज वाटली नाही.

गृहिणी, सिंहगड रस्ता

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. बाळंतपणानंतर सुरुवातीला अनेकींना रडू येते आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरते. माझे ओसरले नाही. पण बाळाचे सारे वेळच्या वेळी होत होते, आल्यागेल्याला मी हसून चहा देत होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. बाळ बघायला आलेल्या नणंदेने मात्र बाळाला घेण्याआधी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" मला ती लागत नव्हती, आणि तोवर हे कोणी विचारलेच नव्हते. 'एवढे गोंडस बाळ आहे, आणखी काय हवे' हे वाक्य मी इतरांकडून पुष्कळ ऐकले होते. ती ते म्हणाली नाही. माझ्या केसांतला गुंता सोडवत तिने सगळे ऐकून घेतले, सासूबाईंना 'हा आजार आहे, नाटक नव्हे' असे स्पष्ट सांगितले आणि डॉक्टरांची वेळ स्वतः घेतली. उपचार चालू असताना ती दर शनिवारी येई, बाळाला घेऊन गच्चीत जाई आणि मला दार लावून झोपायला लावी. बरे वाटू लागल्यावर 'आता नाही आलीस तरी चालेल' असे मी तिला म्हटले. त्यानंतरही ती काही महिने येत राहिली.