बर्फातल्या वाटेवरचे उंचवटे दोन दिवसांत परत का येतात? ग्रूमर चालवण्याविषयी मार्गदर्शन हवे

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी. मी मूळचा खानापूर तालुक्यातला असून गेली चार वर्षे कॅनडात, उत्तर ऑन्टॅरिओमध्ये नोकरीला आहे. सध्या रोप लावणीच्या निमित्ताने गावी आलो आहे. बाहेर पाऊस कोसळत असताना ओसरीवर बसून बर्फाविषयी प्रश्न विचारणे थोडे विचित्र वाटेल, पण या मंचावर सीमाभागातून बाहेर गेलेले बरेच लोक लिहितात, म्हणून विचारतो.

मी राहतो त्या गावात स्नोमोबाइल चालवणाऱ्यांचा क्लब आहे. पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली ही गाडी गुलमर्गला गेलेल्यांनी स्नो स्कूटर या नावाने पाहिली असेल. या गाड्यांच्या वाटा रानातून लांबवर जातात आणि त्या सपाट ठेवण्याचे काम क्लबचे स्वयंसेवकच करतात. पट्ट्यांवर चालणारा मोठा ट्रॅक्टर मागे ड्रॅग, म्हणजे पाती बसवलेली लोखंडी चौकट, ओढत रात्रभर फिरतो. त्यालाच ग्रूमर म्हणतात. मी गेल्या हिवाळ्यात अनुभवी चालकाशेजारी बसून हे काम पाहिले आणि शेवटी शेवटी काही रात्री स्वतः ट्रॅक्टर चालवला. येत्या हिवाळ्यात एक टप्पा माझ्याकडे सोपवण्याचे ठरले आहे.

अडचण अशी की शनिवारी पहाटे आम्ही काम संपवतो तेव्हा वाट सारवलेल्या अंगणासारखी दिसते, आणि रविवारी संध्याकाळी पाहावे तर त्याच जागी गुडघाभर उंचवटे पुन्हा उभे असतात. चूक यंत्रात आहे, माझ्या हातात आहे की बर्फातच आहे, हे कळत नाही. दुसरे म्हणजे माझ्या टप्प्यात एका गोठलेल्या तळ्यावरून जावे लागते आणि त्याची मला मनापासून धास्ती वाटते. शिवाय रात्री समोरून भरधाव येणाऱ्या गाड्यांपासून स्वतःला आणि त्यांनाही कसे सांभाळावे, हेही जाणकारांनी सांगावे.

चोर्लाघाट:

मी जांबोटी भागातला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नऊ हिवाळे एका क्लबचा ग्रूमर चालवला आणि आता बेळगावात स्थायिक झालो आहे. तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर दडले आहे. उंचवटे त्याच जागी परत येतात, याचा अर्थ ते गेलेलेच नव्हते.

आपल्याकडे मुरमाच्या रस्त्यावर चार महिने गाड्या धावल्या की रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो, तोच हा प्रकार आहे. टोरंटो विद्यापीठातील स्टीफन मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर साधे चाक चालवून पाहिले, तेव्हा ठरावीक वेगाच्या वर गेले की लाटा आपोआप उमटतात असे दिसले. बर्फावर त्यात गाड्यांच्या ब्रेकची आणि जोरात पळवण्याची भर पडते, म्हणून वळणाच्या अलीकडे व पलीकडे उंचवटे सर्वांत वाईट असतात. तिकडे या उंचवट्यांना ‘मोगल’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आवरले नव्हते, पण बंदोबस्त मात्र नावाप्रमाणेच मुळापासून करावा लागतो.

नवखा चालक पाती थोडी वर ठेवून उंचवट्यांची डोकी छाटतो आणि तो भुसभुशीत बर्फ मधल्या खळग्यांत भरतो. दिसायला वाट सपाट होते, परंतु खाली जुना उंचवटा दगडासारखा कडक राहतो आणि शेजारच्या खळग्यात सैल भर असते. पहिल्या पन्नास गाड्या ती भर उडवून लावतात आणि खालचा जुना आकार उघडा पडतो. म्हणून पाती खळग्याच्या तळापर्यंत, शक्य असेल तर किंचित खाली, उतरली पाहिजेत. एका फेरीत ट्रॅक्टरला ते ओढवत नसेल तर दोन-तीन फेऱ्या कराव्यात किंवा तेवढाच तुकडा दुसऱ्या रात्रीसाठी ठेवावा. वीस किलोमीटर वाट वरवर खरवडण्यापेक्षा सात किलोमीटर नीट कापलेली बरी, असे माझे मत आहे, मग क्लबच्या नोंदवहीत आकडा लहान दिसला तरी चालेल. मात्र खालची माती आणि खडे वर येतील इतके खोलही जाऊ नये, कारण काळपट झालेला बर्फ ऊन पडताच सर्वांत आधी वितळतो.

कापलेला बर्फ पात्यांच्या पुढे सतत लोळत राहिला पाहिजे. आलटून पालटून तिरकी बसवलेली पाती त्याला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ढकलतात. त्यात ढेकळे फुटतात, कण बारीक होतात आणि मधली हवा निघून जाते. त्यानंतर मागचे रुंद सपाट तवे त्याला दाबत जातात. ताज्या हलक्या बर्फाचे वजन घनमीटरला शंभर किलोच्या आत असते, तर चांगल्या मळलेल्या वाटेचे चारशे ते पाचशे किलोपर्यंत जाते. हे सगळे होण्यासाठी वेग ताशी साधारण आठ ते चौदा किलोमीटर ठेवावा. त्याहून जोरात गेलात तर बर्फ लोळण्याऐवजी उडतो, ड्रॅग उसळू लागतो आणि तुम्ही स्वतःच नवे उंचवटे पेरत जाता. मागच्या आरशात ड्रॅगच्या शेवटच्या काठाकडे पाहण्याची सवय लावून घ्या. तिथून बर्फ सलग, न तुटता बाहेर पडत असेल तर भार योग्य आहे. मध्ये मध्ये खाच दिसली तर ड्रॅगमध्ये बर्फ कमी पडतो आहे असे समजावे आणि कडेला फेकला गेलेला बर्फ आत ओढून घ्यावा.

शेवटची गोष्ट बहुतेक लोक विसरतात. दाबलेला बर्फ लगेच घट्ट होत नाही. कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे हळूहळू सांधा धरतो आणि त्याला थंडी व वेळ दोन्ही लागतात. किमान दोन तास तरी वाटेवर गाडी येऊ नये, सहा ते दहा तास मिळाले तर उत्तम. स्लॅब ओतल्यावर त्याच संध्याकाळी कोणी त्यावर विटांचा ढीग रचत नाही. तुम्ही शनिवारी पहाटे काम संपवता आणि सात वाजता पहिली टोळी निघते, म्हणजे वाट कच्ची असतानाच तुडवली जाते. शुक्रवारी अंधार पडल्यावर, तापमान उतरू लागताच सुरुवात करा आणि सर्वांत वर्दळीचा तुकडा आधी आटोपा. उणे पाच ते उणे पंधरा अंश सेल्सियस ही कामाची थंडी. तापमान शून्याच्या वर असेल आणि रात्री उतरण्याची चिन्हे नसतील तर यंत्र बाहेर काढूच नये.

निवृत्त_सुभेदार_निपाणी:

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो आहे. यंत्राविषयी चोर्लाघाट यांनी लिहिलेच आहे, मी बर्फाविषयी लिहितो, कारण सियाचिनमध्ये काढलेले महिने अजून गुडघ्यांत आहेत.

हिमनदीवर आमची हालचाल शक्यतो रात्री किंवा पहाटे असे, कारण उन्हाने भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडतात. जी वाट पहाटे माणूस आणि ओझे पेलत असे, तीच दुपारी मांडीपर्यंत गिळत असे. वाट तयार झाली की नाही हे पाहण्यासाठी आम्ही बुटाची टाच जोरात मारून पाहत असू. टाचेचा नुसता ठसा उमटला तर ठीक, टाच आत गेली तर थांबायचे. कडाक्याच्या थंडीत दाबलेल्या बर्फावर पाऊल ठेवले की कर्रकर्र असा कोरडा आवाज येतो, आणि बर्फ ओलसर असेल तर तो आवाज मरतो. तुम्हीही ट्रॅक्टरमधून खाली उतरून आपल्या कामावर दोन तासांनी चालून पाहा, केबिनमध्ये बसून ते कळणार नाही.

खाली उतराल तेव्हा हातमोजे काढून लोखंडाला हात लावू नका. केबिन उबदार असते म्हणून माणूस साध्या स्वेटरवर जातो आणि इंजिन बंद पडले की तासाभरात त्याची गाळण उडते. जाड कपड्यांचा दुसरा जोड, फावडे, खाणे, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि वायरलेस सोबत असलाच पाहिजे. निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे मागे राहणाऱ्या माणसाला सांगून जा, आणि वेळ टळली तर त्याने काय करायचे हेही आधीच ठरवून ठेवा. यंत्र बर्फात रुतले आणि इंजिन चालू ठेवून बसावे लागले, तर आधी धुराच्या नळकांड्याभोवतीचा बर्फ काढा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. विषारी धुराने माणूस झोपेतच जातो.

उद्यमबाग_फिटर:

मी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला आहे, पण हायड्रॉलिकच्या कामात पंचवीस वर्षे काढली आहेत, म्हणून एवढेच लिहितो.

तुमचा ड्रॅग हायड्रॉलिकवर उचलला जातो असे धरून चालतो. उचललेल्या ड्रॅगखाली, अडकलेली फांदी ओढून काढण्यापुरतेसुद्धा, कोणीही हात किंवा डोके घालू नये. आधी ड्रॅग जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर हलवून उरलेला दाब मोकळा करा. उचलूनच काम करणे भाग असेल तर खाली लाकडी ठोकळे लावा, जॅकवर किंवा पाइपवर भरवसा ठेवू नका. इथल्या एका कारखान्यात पाइप फुटून वरचे लोखंड क्षणात खाली आलेले मी पाहिले आहे. त्या दिवशी खाली माणूस नव्हता, एवढेच नशीब.

दुसरे असे की थंडीत रबरी पाइप कडक होतात आणि त्यांना केसाएवढी चीर पडते. तेल कुठून गळते हे बोटाने चाचपून पाहू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहा. दाबाखालचे तेल कातडीतून थेट आत घुसते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि माणूस दुर्लक्ष करतो, पण तशा वेळी ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज असते. अशा जखमेवर हळद लावून घरी बसू नये.

पात्यांच्या धारेविषयी चोर्लाघाट यांनी लिहिले नाही, म्हणून विचारतो. तुमच्या ड्रॅगची धार मधोमध झिजली आहे का? सरळपट्टी लावून पाहा. मधे झिज असेल तर कडा खोल कापतात आणि मध्यभागी, म्हणजे जिथे गाड्या धावतात नेमके तिथे, उंचवटा शिल्लक राहतो. मग चालकाने कितीही जीव ओतला तरी उपयोग नाही.

मलप्रभाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. फिटर काकांचा प्रश्न वाचून मी मार्चमध्ये काढलेले फोटो मोठे करून पाहिले. पुढच्या दोन पात्यांची धार मधे खरोखरच वाटीसारखी झिजलेली दिसते. शिवाय आधीचे चालक कडक बर्फ लागला की पाती चार बोटे उचलत असत आणि मी तेच शिकलो. तळ्याविषयी मात्र कोणी लिहिले नाही. आमचा ट्रॅक्टर सुमारे साडेसात टनांचा आणि ड्रॅग दीड टनाचा आहे. गेल्या वर्षी भोक पाडून मोजले तेव्हा ५० सेंटिमीटर बर्फ लागला होता आणि सगळे निश्चिंत होते.

चोर्लाघाट:

तळ्याचे मुद्दाम मागे ठेवले होते, कारण त्यावर घाईने लिहू नये. त्या ५० सेंटिमीटरमध्ये काचेसारखा पारदर्शक बर्फ किती आणि वरचा पांढरा, दुधी बर्फ किती, हे कोणी पाहिले होते का? कॅनडात बर्फाचे अभ्यासक गोल्ड यांचे एक सूत्र प्रचलित आहे. बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा आणि चारने गुणावे, म्हणजे किती किलो वजन पेलेल याचा अंदाज मिळतो. तुमचे एकत्र वजन ९,००० किलो, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर चांगला पारदर्शक बर्फ हवा. पांढरा बर्फ निम्म्या ताकदीचा धरतात. समजा ३० सेंटिमीटर पारदर्शक आणि २० पांढरा असेल, तर हिशेबाची जाडी ४० च होते आणि सूत्राने ६,४०० किलो येतात. मोजपट्टी ५० दाखवत असतानाही तुम्ही अडीच टनांनी जास्त आहात.

एका भोकावर तर अजिबात विसंबू नका. ओढा जिथे तळ्याला मिळतो आणि जिथून पाणी बाहेर पडते, तिथे बर्फ कायम पातळ असतो, म्हणून मोजणी तिथून सुरू करावी आणि पूर्ण वाटेवर ठरावीक अंतराने भोके पाडत जावे. जावेच लागले तर सीटबेल्ट सोडलेला, छताची झडप उघडी, वेग अगदी कमी, आणि तळ्यावर मधेच थांबायचे नाही. मी तुमच्या जागी असतो तर काठाने वळसा घालणारी वाट मागितली असती. आमच्या क्लबने शेवटी तेच केले. चार किलोमीटर वाढले आणि पहिल्या वर्षी तक्रारीही खूप आल्या.

समोरून येणाऱ्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. पिवळा फिरता दिवा आणि सगळे दिवे, यंत्र उभे असले तरी चालूच ठेवा. नेहमी उजव्या कडेने जा. टेकाडाच्या माथ्यावर किंवा आंधळ्या वळणावर कधीही थांबू नका, दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. समोर दिवा दिसला की कडेला घेऊन थांबा आणि टोळीतली शेवटची गाडी जाईपर्यंत हलू नका, कारण पहिल्या गाडीमागे किती आहेत हे तुम्हाला ठाऊक नसते. ऑन्टॅरिओत या वाटांवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे, पण रात्री अकरानंतर ती पाळली जाईल असे धरून चालू नका. डांबरी रस्ता ओलांडताना पाती उचला, आणि पलीकडे गेल्यावर खाली उतरून रस्त्यावर सांडलेला बर्फ फावड्याने बाजूला काढा. त्या ढिगावर मोटार घसरली तर दोष तुमचा.

उद्यमबाग_फिटर:

परत जाण्याआधी त्या पात्यांची लांबी, जाडी आणि बोल्टच्या भोकांमधले अंतर क्लबकडून मागवून मला कळवा. तिकडे नवी पाती मिळतीलच, पण मोजमाप पाहिले की झिज मधेच का झाली, हे सांगता येईल. बहुधा ड्रॅगची चौकटच वाकलेली असेल.

मलप्रभाकाठ:

आजच कळवतो. वळसा घालणाऱ्या वाटेचा विषय क्लबच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे, ५० सेंटिमीटरचा तुमचा हिशेब तसाच्या तसा कागदावर उतरवून.