वडिलांचा पाय गुडघ्याखालून काढलाय, कृत्रिम पाय बसेपर्यंत घरी काय करून घ्यायचं?

बार्शीकर
नमस्कार मंडळी. वडील ६४ वर्षांचे, शुगर बरीच जुनी, अंगठ्याच्या जखमेचं गँगरीन झालं आणि शेवटी डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. टाके निघालेत, जखम कोरडी आहे, काल घरी आणलं. सोडताना "व्यायाम करत राहा" एवढंच सांगितलं, कुठला ते कुणी दाखवलंच नाही. आई दिवसभर गुडघ्याखाली उशी देते कारण त्याने त्यांना बरं वाटतं. आणि रात्री ते म्हणतात तळपायाला खाज येतेय, बोटं पिळवटतायत, अहो पण पाय तर नाहीये! आई घाबरून रडत बसते. डोक्यावर परिणाम झालाय का? आणि जयपूर फूट कधी बसवतात?

फिजिओताई
दादा, आधी ती उशी काढा, आत्ताच. आईंची माया कळते मला, पण गुडघा वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात आणि एकदा का तो सरळ व्हायचा बंद झाला की कितीही भारी पाय आणा, त्यावर धड उभं राहता येत नाही. पलंगाच्या कडेला स्टंप (म्हणजे कापल्यावर उरलेला पाय) लोंबकळत ठेवूनही फार वेळ बसवू नका. व्हीलचेअर असेल तर सीटवर फळी सरकवून स्टंप त्यावर सरळ ठेवायचा.

दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं पालथं झोपवा, म्हणजे कंबरेचा सांधाही पुढे आखडत नाही. हार्टचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, तोवर पाठीवर सपाट झोपू दे. व्यायाम म्हणाल तर गुडघा गादीत दाबून पाच आकडे मोजायचे, मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा, कुशीवर वळून बाजूला उचलायचा, पालथं असताना मागे उचलायचा, प्रत्येकी दहा वेळा आणि श्वास न रोखता. हातांची ताकदही वाढवा, वॉकरवर सगळा भार तिथेच येतो.

स्टंपला क्रेप बँडेज (ताणली जाणारी पट्टी) इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तिरकं गुंडाळायचं, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. गोल गोल आवळलं तर रक्त अडतं. दिवसातून तीन-चारदा सोडून पुन्हा बांधा, ठणका लागला तर लगेच सोडा. एकदा जवळच्या फिजिओकडून हातात हात धरून शिकून घ्या, नुसतं वाचून जमत नाही हे.

रंकाळा_७१
भाऊ, माझा पाय अपघातात गेला, तेव्हा खाजेचं मी सांगतो. वेड बिड काही नाही, याला फँटम म्हणतात, पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा जात नाही. वडिलांना "असं काही नसतं" म्हणू नका, फार एकटं वाटतं माणसाला. जखम पूर्ण भरल्यावर मी स्टंपवर हलक्या हाताने थोपटायचो, मऊ कापडाने घासायचो. आरशाची पण एक पद्धत आहे, चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून चांगला पाय हलवायचा, ती मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढे आणली. मला उपयोग झाला, सगळ्यांनाच होतो असं नाही. फारच दुखत असेल तर डॉक्टरांकडे गोळ्या असतात, अंगावर काढू देऊ नका.

आणि रात्री जपा! अर्धवट झोपेत दोन पाय आहेत समजून माणूस उठतो आणि थेट स्टंपवर पडतो. लाइट चालू, वॉकर हाताशी, चादरी-पायपुसणी बाजूला.

ठाण्याची_मावशी
जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून मोफत पाय देते, तिची शिबिरंही होतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, आमच्या ह्यांचं तिथेच झालं. अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्डाचा (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज आत्ताच टाका, कृत्रिम पाय वगैरे साधनं मिळवून देणाऱ्या सरकारी एडिप योजनेला उत्पन्नाचा दाखलाही लागतो.

बार्शीकर
खूप आभार सगळ्यांचे. उशी काढली, बाबा चिडलेत पण आईला पटलंय. ताई, पाय नक्की कधी?

फिजिओताई
जखम पक्की भरून सूज उतरली आणि स्टंपचा आकार बसला की माप घेतात, बऱ्याचदा ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे, शुगरवाल्यांना जास्तही लागतात. सूज असताना माप दिलं तर सॉकेट (कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो भाग) नंतर ढिलं होतं, म्हणून घाई नको. उजवा पाय मात्र रोज तळव्यासकट बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा, अनवाणी अजिबात नको. आणि स्टंप लाल, गरम झाला, पाणी यायला लागलं किंवा ताप आला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनना दाखवा.