आबाजींच्या पेटीत दारूची कुप्पी, साचा आणि टोप्यांची डबी: रिव्हॉल्व्हर कोणतं असेल?

सापनकाठ:
राम राम मंडळी. परतवाड्याजवळच्या खेड्यात आमचा जुना वाडा आहे. माळा मोकळा करताना एक लाकडी पेटी निघाली. आतून हिरवं लोकरी कापड, त्यात बंदुकीच्या दारूची तांब्याची कुप्पी, गोळ्या ओतायचा सांडशीसारखा लोखंडी साचा, निप्पल (टोपी बसते ती बारीक नळी) काढायची चावी आणि एक टिनाची डबी. डबीवर 'एली' अन् 'लंडन' वाचता येतं, हलवली की आत वाजतं. रिव्हॉल्व्हरची जागा रिकामी आहे. आबाजी वारल्यावर बाबांनी ते ठाण्यात जमा केलं, पावती पेटीतच सापडली. साच्याच्या एका खोबणीच्या बुडाशी खिळ्याएवढी बारीक खाच आहे, ती कशासाठी? काका म्हणतात, चिंच लावून कुप्पी लखलखीत करू.

गाविलगड:
चिंच नका लावू बाप्पा! आमच्या गावात एकानं ठासणीच्या बंदुकीची पितळी पट्टी राखेनं घासली, कारागिराचं नावच गेलं.

लोहसार:
भाऊ, सर्वात आधी ती डबी हलवणं थांबवा. आत टोप्या (घोड्याच्या ठोक्याने बार पेटवणाऱ्या तांब्याच्या इवल्या वाट्या) असतील तर त्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असतं आणि ते ठोक्याने पेटतं. डबी उघडू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात टोप्याही दारूगोळ्यात मोडतात, म्हणून ठाण्यात कळवा आणि त्यांनाच घरी बोलवा. टोप्या जाऊ द्या, पण रिकामी डबी परत मिळावी असा लेखी अर्ज करा. कुप्पीचं तोंडही त्यांच्यासमोरच उघडा. काळी दारू कोरडी राहिली असेल तर दीडशे वर्षांनीही पेट घेते.

आता साचा. ती खाच वाचून मी उठून बसलो! मी जुन्या रिव्हॉल्व्हरांचं फक्त सामान जमवतो, हत्यार नाही, आणि अशा खाचेचा साचा मला अजून मिळालेला नाही. लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने 1851 मध्ये पाच बारांचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याच वर्षीच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते होतं, अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टचीही होती. नळी आणि चौकट एकाच लोखंडातून घडवलेली, म्हणून भक्कम. पण सुरुवातीच्या अ‍ॅडम्सला गोळी ठासायची दांडी नव्हती. गोळी अंगठ्याने दाबून बसवायची, मग ती चक्रातल्या घरातून घसरू नये म्हणून तिच्या बुडाला शिशाचा छोटा काटा ठेवत आणि त्यात नमद्याची चकती अडकवत. तुमच्या साच्यातली खाच त्या काट्याचीच दिसते.

आपल्याकडे हे हत्यार येणं नवलाचं नाही. 1853 मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं, एलिचपुरात (आजचं अचलपूर) हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी होती, आणि इंग्रज अधिकारी रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशाने घेत. तुमच्या घरी ते कोणाच्या हातून आलं, हे जुन्या परवान्यात आणि घरच्या कागदांत शोधा.

काकांना माझा निरोप द्या: तांब्यावरचा तो काळपट थर शंभर वर्षांनी आलेला आहे, चिंचेने पाच मिनिटांत जाईल आणि पुन्हा येणार नाही. कोरड्या सुती फडक्याने धूळ टिपा, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. आपल्याकडे जुन्या लाकडाला जवसाचं तेल चोळतात, पेटीला मात्र नको. ते हिरव्या कापडात उतरेल, चिकटेल, धूळ धरेल. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. शिशाच्या गोळ्या असतील तर वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत काढा. ओक लाकडाच्या आम्लाने शिसं पांढरं पडतं आणि ती पूड विषारी असते. अन् पेटीतली एकही वस्तू सुटी विकू नका. दुकानदार कुप्पीचे पैसे आधी देईल, साच्याला नंतर विचारेल, आणि मग या दोन्ही एकाच माणसाच्या होत्या हे कोणाला कळणार नाही.

सापनकाठ:
डबी नाही हलवत आता! साच्याच्या कानावर 54 कोरलंय. आणि ठाण्यातलं रिव्हॉल्व्हर परत मिळेल का?

लोहसार:
54 म्हणजे एका पौंड शिशातून 54 गोल गोळ्या निघतील एवढ्या नळीचं माप, साधारण 11.2 मिलिमीटर. हे माप अ‍ॅडम्सचं, तसंच बर्मिंगहॅमच्या विल्यम ट्रँटरच्या रिव्हॉल्व्हरचंही. दोन्हींना जुळेल म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

परत मिळण्याचं म्हणाल तर पावती घेऊन लवकर जा. जमा केलेलं हत्यार मुदतीत मागितलं नाही तर सरकारजमा होऊ शकतं. जुनं म्हणून परवान्यातून सूट आहे असं लोक सांगतील, पण शस्त्र कायद्याच्या कलम 45 ची सूट दुरुस्त करूनही उडणार नाही अशाच हत्याराला आहे. तुमचं त्यात बसतं का, हे जिल्हा दंडाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या.

तिथे दाखवलं तर बघा: पाच घरं, घोड्याला अंगठा टेकवायला शेपूट नाही आणि चौकटीवर अ‍ॅडम्सच्या पेटंटचा क्रमांक असेल तर ते अ‍ॅडम्स. ट्रिगर गार्डच्या खाली दुसरी दांडी निघालेली दिसली तर ट्रँटर. फोटो काढू देतील का ते विचारा आणि मिळाला तर इथे टाका.